परातीपुढची बाळोती

आठ दिवस झाले, बाळोती वाळत नाहीत. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन दोऱ्या बांधल्यात, वाकून चालावं लागतं, आणि वाकलं तरी एखादं गार फडकं मानेला लागतंच. लागलं की मी दचकते. शेजारणी हसतात, म्हणतात, अगं बाळोतंच ते, साप नाही. त्यांना काय सांगू. सापाला मी घाबरले नसते एवढी.

आज सांगायला बसलेय. बाळ झोपलंय तोवर. शकू शाळेत गेलीय, हे कामावर. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यात लिहायला बसलं की दम लागतो, एक सांगायला जावं तर दुसरंच पुढे येतं. पण येईल तसं लिहिते. थांबले की राहूनच जाईल, मला माहीत आहे ना माझं.

पाच वर्षं झाली त्या पावसाळ्याला. तेव्हा आम्ही इथे घाटकोपरला नव्हतो. अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या अंगाला एक टेकडी आहे, तिच्यावर राहायचो. स्टेशनपासून चालत पाऊण तास. खाली भातखाचरं, ताडाची झाडं, म्हशींचे गोठे, आणि वर आमचं एकटं घर. घर तरी कसलं, ह्यांच्या ऑफिसाची पत्र्याची शेड. एका खोलीत आम्ही तिघं, दुसऱ्या खोलीत मशीन, आणि मशीनच्या पुढे, उत्तरेला तोंड करून, पडवी. त्या पडवीत ती परात उभी.

ह्यांचे साहेब तिला अँटेना म्हणायचे. मी परात म्हणायचे. लग्नात भात उपसायला असते ना, तेवढी मोठी, आडवी ठेवायच्या ऐवजी उभी केलेली, आणि तोंड बोरीवलीकडे. बोरीवलीला जंगलाच्या कडेला दुसरी टेकडी, तिच्यावर दुसरी परात, तिचं तोंड आमच्याकडे. त्या परातीतून या परातीत काहीतरी येत होतं, दिवसभर. मधे जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, सगळ्यांच्या डोक्यावरून. तार नाही, खांब नाही, आवाज नाही. मी पहिल्या दिवशी शकूला पदराखाली घेतलं ते संध्याकाळपर्यंत बाहेर काढलं नाही. तीन महिन्यांची होती. मला वाटलं, ते जे काय येतंय ते हिच्या टाळूतून आरपार जाईल.

हे हसले. लढाईच्या वेळी हे वायरलेसचं काम शिकलेले, त्यांना त्यात काही वाटायचं नाही. पण साहेब हसले नाहीत. तरुणच होते, चष्मा, धोतर नाही, पँट, आणि बूट चिखलाने भरलेले. दर शनिवारी टेकडी चढून यायचे. मला म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. तुमच्या घरातल्या बल्बचा उजेड जेवढा लागतो ना बाळाला, तेवढाही नाही लागत हा." आमच्या खोलीत बल्ब नव्हता, कंदील होता, पण मी मान हलवली.

मग त्यांनी बोटाचं एक पेर धरून दाखवलं. म्हणाले, रेडिओच्या लाटा लांबलचक असतात, एकेक लाट या टेकडीएवढी, पावसात भिजली तरी तिला काही होत नाही. ही लाट एवढीशी. या पेराएवढी. हिला पावसाचा थेंब म्हणजे वाटेत धोंडा. पुढेमागे तारेशिवाय टेलिफोन करायचे झाले तर या लाटेवर खूप बोलणी एकदम जातील. पण मुंबईच्या पावसात ती टिकते का, तेच बघायचंय. म्हणून बोरीवलीहून सोडायची, अंधेरीला धरायची, आणि पाऊस किती पडला नि ती किती उरली, हे लिहून ठेवायचं.

मला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण एक कळलं, की एवढ्या मोठ्या कामाची माणसं पावसाला घाबरून आहेत. त्याने मला जरा बरं वाटलं. मी एकटीच नव्हते.

मशीनच्या खोलीत एक घड्याळासारखी तबकडी होती, तिच्यात काटा. ऊन असलं, आकाश मोकळं असलं, की काटा चाळिसावर. बोरीवलीकडून पाऊस यायला लागला की आधी तिकडची टेकडी पुसली जायची, मग मालाडची झाडं, मग जोगेश्वरी, जसं कोणी पाटीवरून ओला बोळा फिरवतंय, आणि इकडे आत काटा खाली खाली. तीस, पंचवीस, पंधरा. पत्र्यावर पहिला थेंब वाजायच्या आधी काट्याला कळलेलं असायचं. मला ते बघायला आवडायचं. खरं सांगते, भीती गेली नाही, पण आवडायचं. माझ्या आयुष्यात मी एकटीने बघितलेली ती एकच नवलाची गोष्ट.

दर पंधरा मिनिटांनी हे काटा बघून वहीत लिहायचे. अंगणात पाऊस मोजायचं तांब्याचं नळकांडं होतं, ते बघून तोही आकडा. पण माणूस जेवणार कधी, अंघोळ करणार कधी? म्हणून ह्यांनी मला इंग्रजी आकडे शिकवले. चार आणि नऊ मधे माझा घोटाळा व्हायचा, मग शेगडीच्या राखेवर बोटाने गिरवून गिरवून शिकले. दुपारी बारा ते चार बहुतेक मीच लिहायचे. शकूला मांडीवर घेऊन, पेन्सिल थुंकीने ओली करून, एकेक आकडा, मोत्यासारखा नाही पण सरळ. साहेबांनी वही बघितली. म्हणाले, "हे कोणाचं अक्षर? तुमचं? वहिनी, तुमचा आकडा सुरेख आहे हो. आणि एकही वेळ चुकलेली नाही." त्या दिवशी मी दोनदा भात करपवला. दोनदा.

आणि भिकाजीकाका. त्यांचं सांगायला हवं, त्यांचंच सांगायचंय.

बोरीवलीच्या टेकडीवर जे मशीन होतं ते भिकाजीकाका सांभाळायचे. पन्नाशीचे, बुटके, डोक्यावर काळी टोपी, राजापूरकडचे. त्यांच्या मशीनवरही एक काटा होता, तो लाल रेघेवर ठेवायचा. मशीन तापलं की काटा रेघेवरून सरकायचा, मग बटण फिरवून परत आणायचा. एवढंच काम, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. शनिवारी आपली वही घेऊन ते आमच्याकडे यायचे, साहेब यायच्या आधी. येताना छत्रीत, म्हणजे मिटलेल्या छत्रीच्या पोटात, करटोली घेऊन यायचे. जंगलाच्या कडेची. दारातूनच ओरडायचे, "सूनबाई, छत्री उघडू नको गं, आमटीत पाऊस पडेल!" सूनबाईच म्हणायचे मला. ह्यांना म्हणायचे, "तुझ्यापेक्षा तुझ्या बायकोचं अक्षर बरं रे. तुला काढतील आणि तिला ठेवतील बघ."

काकूंनी शकूसाठी निरगुडीचा पाला पाठवलेला असायचा, अंघोळीच्या पाण्यात घालायला. मी काकूंना तोवर बघितलंही नव्हतं.

झोपेवरून काका स्वतःचीच चेष्टा करायचे. "मला काय, जेवलो की डोळा लागतो. काटा काय पळून जातोय? पळाला तर जंगलात जाईल, वाघ खाईल." आणि आम्ही सगळे हसायचो. साहेबसुद्धा. ते हसणं मला आता आठवतं तेव्हा वाटतं, आम्ही सगळे मिळून हसत हसत त्यांच्याविरुद्ध साक्ष तयार करून ठेवत होतो. तेही आमच्यात होते.

श्रावण लागला आणि शकूच्या जांघा लाल झाल्या. आधी लाल, मग सालटी निघाली. पाऊस थांबत नव्हता, थांबला तरी हवेत पाणी. बाळोती वाळायची नाहीत. शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर वाळत घालायचे, तर धूर शकूच्या नाकात जाऊन तिला खोकला. एक बाळोतं जळलं, भोक पडलं. दमट बाळोतं बांधलं की ती असं रडायची, असं, की खालच्या गोठ्यातला भैया वर येऊन विचारून गेला. मी वीस वर्षांची. सासू नाही जवळ, आई नाही, शेजारी म्हणजे कावळे. मला वाटायचं हिचं काही होणार. रोज वाटायचं, आज होणार.

आणि ती पडवी. वरून पत्रा, दोन बाजूंना कूड, समोर सगळं मोकळं, वारा सरळ आत. थेंब नाही येत आणि वारा येतो. सगळ्या टेकडीवर एकच जागा तशी, आणि तिथे उभी ती परात.

साहेबांनी सांगितलं होतं, परातीच्या पुढे कोणी जायचं नाही. हे जायचे नाहीत. ह्यांना सांगितलेलं म्हणजे झालं, तसा माणूस. मशीनच्या खोलीतून पडवी दिसत नाही, मधे भिंत. पडवीला बाहेरून वळसा घालून जायचं. म्हणजे कोणी बघणार नव्हतं. आणि बाळोती चारचौघांना दिसतील अशी वाळत घालायची मला लाज, साहेब येतात, काका येतात. तेही एक होतं.

वरवंट्याने दोन खिळे ठोकले. ह्या खांबाला एक, त्या खांबाला एक. दोरी बांधली. सकाळचं सगळं आटपून बाराच्या सुमाराला बाळोती पिळून तिथे घालायचे, सहा बाळोती आणि एक दुपटं, बरोब्बर परातीच्या तोंडापुढे, कारण मधेच वारा जास्त होता. चारला काढायचे. चारपर्यंत वाळायची. गालाला लावून बघायचे मी एकेक, कोरडं, अगदी कोरडं, उन्हात वाळल्यासारखं. शकूच्या जांघा आठ दिवसांत बऱ्या झाल्या. मी परातीला हात जोडले होते एकदा. हसू नका.

घालून झालं की आत येऊन शकूला घेऊन काट्यापुढे बसायचे आणि लिहायचे. अकरा. अकरा. बारा. चौदा. सतरा. बाहेर कधी पाऊस असायचा, कधी नसायचा. कधी तर चक्क ऊन. काटा मात्र खाली जायचा आणि मग सावकाश, एकेक घर, वर यायचा. साडेतीनला तीस. चारला चाळीस. मी काही विचार केला नाही. मला दिसेल ते लिहायला सांगितलं होतं, मी दिसेल ते लिहीत होते. सुरेख आकड्यात.

माझी बाळोती वाळत होती ती. सरकारी वहीत, पंधरा पंधरा मिनिटांनी, मी माझी बाळोती वाळताना लिहून ठेवत होते.

आता कोणाला वाटेल, कळलं कसं नाही हिला? पण कसं कळणार. मी पाऊस म्हणजे आकाशातून पडतो तो, असं धरून चालले होते.

गौरी-गणपतीच्या आधीचा शनिवार. साहेब लवकर आले, मी धावत जाऊन दोरी सोडली, बाळोती गोळा करून बादलीत, बादली कॉटखाली. काका आलेच होते, करटोली सुपात काढून ठेवलेली. मी चहा टाकला. साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या आणि चहा झाला तरी वर बघितलं नाही.

मग म्हणाले, "भिकाजीराव, दुपारी काय करता?"

"मशीनपुढे बसतो साहेब."

"बारा ते चार?"

"जेवण तिथेच. डबा मांडीवर."

"ही अंधेरीची वही बघा. रोज बाराला काटा पडतो, कोरड्या दिवशीही. तुमच्याकडे पाऊस नाही, इथे पाऊस नाही. पाऊस मोजायची दोन्ही भांडी कोरडी. आणि काटा अकरावर."

काकांनी टोपी काढली. "मधे पडत असेल साहेब. बोरीवलीला ऊन आणि गोरेगावात धो धो, असा असतो आपला पाऊस. म्हशीचं एक शिंग भिजतं, एक कोरडं."

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. "रोज? रविवार ते शुक्रवार? बाराला सुरू, चारला बंद? पाऊस काय घड्याळ घालून येतो का भिकाजीराव?"

साहेब ओरडत नव्हते, तेच वाईट होतं. समजावून सांगावं तसं बोलत होते. "हे बघा, काटा खाली यायला दोनच कारणं. एक, तुमचं मशीन रेघेवरून सरकलं आणि तुम्ही सावरलं नाहीत. दोन, मधे पाणी. पाऊस, धुकं, ओलं काही, काहीही, पण पाणीच पाहिजे. ओलं पांघरूण टाकलं परातीवर तरी काटा बसेल. पण मधे पाणीच नाही. मग राहिलं काय?"

मी दारात उभी होते, कपबशा हातात. कॉटखालच्या बादलीतून एक थेंब पडला. टप्प. मला ऐकू आला, कोणाला नाही आला. ओलं पांघरूण. सहा बाळोती आणि एक दुपटं.

"आईशप्पथ साहेब," काका म्हणत होते, "थट्टेत म्हणतो मी झोप लागते. थट्टेत. जागा असतो. काटा रेघेवर असतो, मी लिहितो, ही बघा माझी वही, रेघेवर, रेघेवर, रेघेवर."

"तुमच्या वहीत रेघेवर आहे. इथे अकरा आहे. दोन्ही खरं कसं?"

आणि मग काका वळले माझ्याकडे. अजून दिसतात मला ते तसे, टोपी हातात, डोक्यावर टोपीचा वळ. "सूनबाई, हे तू लिहिलंयस ना? तू सांग. खरंच पडला होता काटा? बघून लिहिलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हे पण. ह्यांची नोकरी तेव्हा कायम नव्हती, शेड ऑफिसाची, शकू सहा महिन्यांची. परातीपुढे कोणी जायचं नाही हे मला सांगितलेलं होतं. हे सगळं एका श्वासात डोक्यात आलं, आणि मी म्हणाले,

"हो. बघून लिहिलं."

खरं बोलले. एक अक्षर खोटं नाही. आजपर्यंत मी खोट्याची एवढी लाज बाळगली नाही जेवढी त्या खऱ्याची बाळगते.

काकांनी मान हलवली. मला म्हणाले, "मग बरोबर असेल." आणि वही मिटली. जाताना करटोली परत नेली नाहीत. छत्री मात्र विसरले, आणि पाऊस होता.

साहेबांनी लाल पेन्सिलीने त्या दुपारी खोडल्या आणि बाजूला कारण लिहिलं, बोरीवलीच्या माणसाची हयगय. माझ्या सुरेख आकड्यांच्या शेजारी. पुढच्या आठवड्यात बोरीवलीला दुसरा माणूस लागला.

मी काय केलं? दोरी काढली. त्याच दिवशी. पुन्हा तिथे एक चिंधी वाळत घातली नाही, शेगडीवर टोपली टाकली, शकूला खोकला झाला तर झाला. आणि काय झालं, काटा सुधारला! दुपारी ऊन असलं की चाळीस, गच्च चाळीस. साहेब खूश. म्हणाले, "बघितलंत? माणूस बदलला आणि काटा सरळ आला." माझ्या चांगुलपणाने काकांच्या विरुद्धचा शेवटचा पुरावा दिला. मी घालत राहिले असते बाळोती तर निदान साहेबांना कोडं तरी पडलं असतं. हे असं असतं बघा. पाप करताना एक नुकसान, सोडताना दुसरं.

दिवाळीच्या आसपास एकदा हे पडवीत गेले. पाऊस संपला होता, परात उतरवून न्यायची होती. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात दोन खिळे. दगडावर ठेवून हातोडीने सरळ केले, डब्यात टाकले, डबा फळीवर ठेवला. मी भाकरी थापत होते. माझा हात थांबला. ते काही बोलले नाहीत, आणि मी काही बोलले नाही, आणि भाकरीला मधेच चीर पडली. पुढे ह्यांची नोकरी कायम झाली, घाटकोपरची खोली मिळाली. तो डबा आहे अजून. खिळा लागला तर मी शेजारून मागून आणते.

आता हा पावसाळा. पदरात दुसरं बाळ, दोन महिन्यांचा मुलगा, आणि खोलीभर ओली फडकी. गेल्या मंगळवारी सकाळी उठले आणि काय झालं मला कळलं नाही, बाळाला घेतलं, शकूला शेजारी ठेवलं, आणि बोरीवलीला गेले. दादरला गाडी बदलून. कोणाला सांगितलं नाही. वाटेत मनात म्हणत होते, काका, ते माझ्यामुळे झालं. काका, ते माझ्यामुळे झालं. पाठ करत होते शाळेतल्यासारखं.

घर सापडलं. स्टेशनच्या मागे, कौलारू, दारात निरगुडीचं झाड, त्यावरूनच ओळखलं. काकूंना पहिल्यांदा बघितलं. उंच बाई, काकांपेक्षा उंच. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "अगो बाई, तू सूनबाई! ये आत. केवढी भिजलीस." जराही राग नाही. राग असता तर बरं झालं असतं.

काका आत खुर्चीत बसले होते. ताठ. दुपारचा एक वाजलेला, जेवण झालेलं, बाहेर पाऊस असा की कोणालाही झोप यावी. काकूच म्हणाल्या, हळूच, "हे असे बसतात. बारा ते चार. पाठ टेकत नाहीत. लाकडाच्या वखारीत कामाला जातात सकाळी, दमून येतात, तरी नाही. मी म्हणते आता कोण बघतंय तुम्हाला? तरी नाही."

काकांनी मला ओळखलं. केस पिकलेत सगळे. "सूनबाई! छत्री आणलीस का माझी?" आणि हसले. छत्री मी आणली नव्हती. छत्री घाटकोपरला दाराच्या मागे आहे, पाच वर्षं.

शकूचं विचारलं, ह्यांचं विचारलं, बाळाच्या मुठीत बोट दिलं. मग आपणच म्हणाले, "मी खूप विचार केला गं त्याचा. आधी वाटायचं, मी जागा होतो, जागाच होतो. पण कोण जाणे. माणसाला आपली झोप कुठे दिसते? लागलाही असेल डोळा. मशीन खोटं बोलत नाही. आणि तुझा आकडा, तो तर सरळ मनाने लिहिलेला." बाळाकडे बघत म्हणाले, "हयगय झाली असणार माझ्याकडून."

आता सांग. आता. मी तोंड उघडलं. आणि मांडीवर गरम ओल पसरली, बाळाने सगळं भिजवलं, दुपटं, माझं लुगडं. काकू लगबगीने उठल्या, "आण इकडे, आण, गारठेल तो." ट्रंकेतून एक दुपटं काढलं, जुन्या लुगड्याचं, दुहेरी, हाताने धावदोरा घातलेलं, डांबरगोळीचा वास असलेलं. कोरडं. बाळाला पुसलं, गुंडाळलं, माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "पावसात कोरडं फडकं मिळणं म्हणजे नशीब, नाही का गं?"

मी हो म्हणाले. पुन्हा हो. चहा प्यायले आणि निघाले.

परत येताना खिडकीतून अंधेरीच्या बाजूची टेकडी दिसते का बघितलं. पावसात काही दिसत नव्हतं. साहेब म्हणायचे, थेंब लाटेला अडवतो, थोडी पितो, थोडी उधळतो, पलीकडे पोचतं ते उरलेलं. माझ्याकडून काकांकडे जायला दोन हात अंतर होतं, आणि मधे पाऊसही नव्हता.

ते दुपटं धुतलं आणि दोरीवर घातलं. ह्यांनी विचारलं तेव्हा, बोरीवलीच्या काकूंचं आहे, एवढंच म्हणाले. मनाशी ठरवलं, वाळलं की परत द्यायला जायचं. छत्री पण न्यायची. आणि या वेळी दारातच सांगायचं, आत बसायच्या आधी, चहाच्या आधी. वाळलं की.

रोज हात लावून बघते. रोज म्हणते, काठाला दमट आहे अजून.

आज सकाळी कामावर जाताना ह्यांनी ते दोरीवरून काढलं. मी बाळाला तेल लावत होते, बघत होते. चार घड्या केल्या, दाराशी आणून ठेवलं, आणि दारामागची काळी छत्री काढून त्याच्यावर आडवी ठेवली. बोलले काही नाहीत. खिळे काढले तेव्हाही नव्हते बोलले. चपला घालून गेले.

ते जिना उतरेपर्यंत मी थांबले. मग उठले, छत्री दारामागे लावली, आणि दुपटं उलगडून पुन्हा दोरीवर टाकलं.

एवढं लिहून आता उठून बघून आले. गालाला लावलं. कोरडं आहे. परवापासूनच कोरडं आहे.